पिकअपमधली डिझेलची टाकी : आधी वायरिंग बघा, मग डिझेल भरा

मंडळी, चित्र तुमच्या ओळखीचं आहे. एप्रिल-मेचं ऊन. शिवारात एकीकडे नांगरट चाललेली, दुसरीकडे तलावातला गाळ उपसायला पोकलेन लागलेलं. डिझेलचा पंप गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. मग पिकअपच्या हौद्यात दोनशे लिटरचं बॅरल दोरीनं आवळायचं, पंपावरून भरून आणायचं आणि बांधावर उभं राहून तोंडानं नळी ओढून ट्रॅक्टरच्या टाकीत सोडायचं. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं आहे.

आता यात एक सुधारणा आली आहे. बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा पंप बाजारात सहज मिळतो. हौद्यात कायमची टाकी बसवायची, तिला हा पंप जोडायचा, बटण दाबलं की ट्रॅक्टर पाच मिनिटांत भरून मोकळा. मजूर वाचतो, सांडलवंड वाचते. तोंडानं नळी ओढणं तर सुटायलाच हवं. ओढताना डिझेलचा घोट पोटात गेला तर त्रास होतोच, पण थोडंसं जरी श्वासनळीत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते आणि माणूस दवाखान्यात जातो. अशा वेळी त्याला उलटी करायला लावू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

तेव्हा टाकी आणि पंप बसवा, जरूर बसवा. पण हे काम आपल्याकडे कसं होतं? वेल्डिंगच्या दुकानात टाकी, बोर्डाच्या दुकानातून घरगुती वायर, आणि बॅटरीच्या खुंट्यांना दोन तारा गुंडाळल्या की झालं. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "काही होत नाही दादा, डिझेल काय पेट्रोल आहे का पेटायला?"

इथंच फसगत होते. म्हणून आज हा विषय.

डिझेल पेटत नाही, हे खरं नाही

पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा ठिणगीला पेट घेते. डिझेलचं तसं नाही. ते एका मर्यादेपर्यंत तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेण्याइतकी होत नाही. आपल्या देशातल्या मानकाप्रमाणे ही मर्यादा किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेली आहे. पंपावरचं डिझेल त्याहून चांगलं असेलही, पण भरवसा ३५ अंशांचाच धरायचा.

आता तुम्हीच सांगा, अकोल्या-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा कुठं असतो? ४५ अंशांच्या आसपास. आणि उन्हात उभं असलेलं लोखंडी बॅरल हवेपेक्षाही जास्त तापतं. हात लावला तर चटका बसतो. म्हणजे पौष-माघात जे डिझेल काडी टाकली तरी सहसा पेटत नाही, तेच डिझेल वैशाखात दुपारी दोन वाजता एका ठिणगीवर पेट घेऊ शकतं. आपलं जादा डिझेलचं काम नेमकं त्याच महिन्यात असतं. ठिणगी कुठून येते? सैल तारेतून, उघड्या स्विचमधून, घासून सोललेल्या वायरीतून. म्हणून टाकीइतकंच, किंबहुना टाकीपेक्षा जास्त लक्ष वायरिंगकडे द्यायचं.

टाकी कशी असावी

पहिली गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा : वापरलेल्या बॅरलला वेल्डिंग करायचं नाही. रिकामं दिसतं म्हणून ते रिकामं नसतं. आत तेलाचा थर आणि वाफ असते. वेल्डिंगची झळ लागली की बॅरल बॉम्बसारखं फुटतं. नुसतं पाण्यानं विसळून हा धोका जात नाही. तोटी बसवायची असेल तर नवी टाकी घ्या, किंवा बॅरलला मुळात असलेल्या आट्यांच्या तोंडालाच पंप बसवा. तसे पंप मिळतात.

दुसरी गोष्ट, पत्रा. बाहेरून जस्ताचा मुलामा असला तर हरकत नाही, पण आतून जस्त लावलेली टाकी डिझेलला चालत नाही. जस्ताची आणि डिझेलची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट साका तयार होतो आणि तो फिल्टर, नोझल धरतो. तांब्या-पितळेनंही डिझेल लवकर खराब होतं, म्हणून आतल्या नळ्या तांब्याच्या नकोत. साधा लोखंडी पत्रा, ॲल्युमिनियम किंवा इंधनासाठीच बनवलेली प्लास्टिकची टाकी चालते. घरावरची पाण्याची टाकी आणून त्यात डिझेल भरू नका.

तिसरी गोष्ट, आतले पडदे. टाकी मोठी असेल तर आत भोकं पाडलेले आडवे पत्रे हवेत. अर्धी भरलेली टाकी वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर हिंदकळते आणि तो धक्का गाडीला खेचतो. पाण्याचा टँकर चालवणाऱ्याला विचारा, तो सांगेल.

चौथी गोष्ट, श्वास. पंप डिझेल ओढतो तेव्हा तितकीच हवा टाकीत शिरायला हवी. श्वासाची वाट नसेल तर पंप दमतो आणि पत्र्याची टाकी आत दबते. म्हणून वरच्या बाजूला श्वासनळी हवी. तिचं तोंड खाली वळवलेलं आणि बारीक जाळी लावलेलं असावं. उलटल्यावर आपोआप बंद होणारी झडप मिळाली तर उत्तम.

पाचवी, डिझेल घ्यायची नळी वरून खाली सोडा आणि तळापासून बोटभर वर ठेवा. पाणी आणि गाळ तळाला बसतो, तो इंजिनात जाणार नाही. शिवाय नळी वरून असली की जोड सुटला तरी सगळी टाकी रिकामी होत नाही. तळाला गाळ काढायला एक आट्यांचं बूच ठेवा.

टाकी तोंडापर्यंत भरू नका. डिझेल तापलं की फुगतं. २०० लिटर डिझेल सकाळी २० अंशांवर भरलं आणि दुपारी ४५ अंशांवर गेलं, तर ते साधारण चार लिटरनं वाढतं. ते चार लिटर कुठं जाणार? झाकणातून बाहेर, हौद्यात. दोनशेच्या टाकीत १९० लिटरवर थांबा.

बसवताना वजनाचा विचार

एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम. म्हणजे दोनशे लिटरचं १६५ किलोच्या आसपास, त्यात टाकीचं वजन धरा. पाऊणेदोन ते दोन क्विंटल माल गाडीत कायमचा चढला असं समजा. तेवढं भाडं कमी भरा. गाडीची क्षमता कागदावर जी आहे, ती टाकीसकट आहे.

टाकी हौद्याच्या पुढच्या भागात, केबिनला लागून बसवा. मागच्या फळीजवळ बसवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि मागून ठोकर बसली तर पहिला मार टाकीला. हौद्याच्या पत्र्याला नुसते स्क्रू मारून भागत नाही. खालून पट्टी देऊन चासीच्या आडव्या पट्ट्यांना नट-बोल्टनं आवळा, लॉक नट वापरा. टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये रबर टाका, म्हणजे कच्च्या रस्त्यावर घासून भोक पडणार नाही. दोरी नको. दोरी उन्हानं कुजते आणि डिझेलनं सैल पडते. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. ब्रेकची नळी, गाडीची मूळची डिझेल नळी आणि वायरिंग तिथूनच गेलेलं असतं. सायलेन्सरच्या वर किंवा शेजारी नळीही नको आणि वायरही नको.

वायरिंग : इथं घाई नको

मिनिटाला चाळीस लिटर देणारा १२ व्होल्टचा पंप साधारण १५ अँपिअर प्रवाह ओढतो, काही त्याहून जास्त. पंपाच्या पाटीवर आकडा असतो, तो वाचा. वॅट लिहिले असतील तर १२ नं भागा. १८० वॅट म्हणजे १५ अँपिअर. घरातला बल्ब एक अँपिअरसुद्धा ओढत नाही, यावरून अंदाज घ्या. त्यामुळे घरगुती बारीक वायर इथं चालत नाही.

हिशेबच बघू. बॅटरीपासून मागच्या पंपापर्यंत पाच मीटर अंतर धरलं, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची तार झाली. १५ अँपिअरला एक चौरस मिलिमीटरच्या तारेत अडीच व्होल्टहून जास्त दाब वाटेतच मरतो. पंपाला बारा व्होल्टऐवजी साडेनऊच मिळतात. पंप रडत चालतो आणि उरलेली शक्ती वायर तापवण्यात जाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत एक व्होल्ट जातो. सहा चौरस मिलिमीटर घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आत भागतं. म्हणून तार सहाचीच घ्या, गाडीसाठीची, बारीक तंतूंची. एकेरी जाड तारेची नको, ती थरथरीनं तुटते.

आता फ्यूज. सगळ्या कामातली ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते ती हीच. काही जण फ्यूज लावतात, पण पंपाजवळ. त्याचा उपयोग अर्धाच. बॅटरीपासून पंपापर्यंतची तार वाटेत कुठंही पत्र्याला घासून सोलली, तर प्रवाह फ्यूजपर्यंत पोचतच नाही, तिथूनच चासीत जातो. गाडीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडते. काही क्षणांत तार लाल होते, वरचं प्लास्टिक पेटतं आणि ही तार तुमच्या डिझेलच्या टाकीपर्यंत गेलेली असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अधिक खुंटीपासून वीतभर अंतरात. १५ अँपिअरच्या पंपाला आणि सहाच्या तारेला २५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाकू नका. चांदी किंवा तार गुंडाळून तर मुळीच चालवू नका. का उडतो ते शोधा.

तिसरी वस्तू रिले. पंपाचा १५ अँपिअर प्रवाह थेट डॅशबोर्डच्या बटणातून नेला तर बटणाची टोकं जळतात. रिले म्हणजे बारीक प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी. साध्या रिलेवर चार आकडे असतात, त्यांची जोडणी अशी :

३० — बॅटरीच्या अधिक खुंटीकडून, फ्यूजमधून आलेली जाड तार.
८७ — इथून जाड तार मागे पंपाच्या अधिक टोकाला.
८६ — चावी चालू असतानाच वीज येते त्या तारेवरून, छोट्या फ्यूजमधून आणि बटणातून आलेली बारीक तार.
८५ — अर्थ, म्हणजे चासीला.

पंपाचं वजा टोक तितक्याच जाड काळ्या तारेनं परत पुढं आणा आणि बॅटरीच्या वजा बाजूला जोडा. जवळच्या गंजक्या बोल्टला अर्थ देणं टाळा. चासीवर अर्थ द्यायचाच असेल तर रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, लग लावून घट्ट करा.

रिले बॉनेटखाली किंवा केबिनमध्ये बसवा, टाकीजवळ नको. याचा फायदा काय? बटण बंद असताना मागं गेलेली जाड तार पूर्ण मेलेली असते, तिच्यात वीज नसते. चावी काढली की पंप चालूच होत नाही. पोरानं खेळता खेळता बटण दाबलं तरी डिझेल वाहणार नाही. आणि रिलेच्या आत होणारी बारीक ठिणगी टाकीपासून लांब राहते.

तार ओढताना काय बघायचं? पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी कडं हवं. सगळी तार पन्हळी नळीत घाला आणि वीत-दीड वीत अंतरावर क्लिपा लावा. डिझेलची नळी आणि वायर एकत्र बांधू नका, दोन्हींचे मार्ग वेगळे. मध्ये जोड नको. जोड द्यावाच लागला तर टाकीपासून दूर, दाबून बसवलेला आणि वरून स्लीव्ह घातलेला. नुसता पिळून टेप मारलेला जोड एका पावसाळ्यात सुटतो. काम सुरू करताना बॅटरीची वजा तार आधी काढा आणि सगळं संपल्यावरच शेवटी लावा.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. पंपाची पिन गाडीतल्या लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची नाही. ते सॉकेट एवढ्या प्रवाहासाठी नसतं. दुसरं, १२ व्होल्टचा पंप काढून टिपर किंवा पोकलेनच्या २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांना लावायचा नाही. लगेच जळतो. पाणी उपसायची मोटर डिझेलवर लावणं तर जिवाशी खेळ आहे. पंप डिझेलसाठी बनवलेला, बंद मोटरचाच हवा.

टाकीलाही अर्थ हवा. वाहत्या डिझेलमुळे घर्षणाची वीज साठते. टाकीपासून चासीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी आवळून टाका आणि भरताना नोझल टाकीच्या तोंडाला टेकवूनच धरा.

नळी, फिल्टर आणि पहिली चाचणी

ठिबकसाठी किंवा बागेसाठी वापरतो ती हिरवी नळी डिझेलला लावू नका. काही महिन्यांत ती कडक होते, तडकते. तेलाला टिकणारी रबरी नळी घ्या आणि स्क्रूचे क्लॅम्प लावा. पंपानंतर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. आजची बीएस-सहा इंजिनं, विशेषतः कॉमन रेलची, पाण्याचा थेंब सहन करत नाहीत. इंजेक्टरचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

नोझल टाकीपेक्षा खाली पडून राहिलं तर पंप बंद केल्यावरही डिझेल आपोआप वाहू शकतं. म्हणून काम झालं की नोझल टाकीच्या वर अडकवून ठेवा आणि कुलूप घाला. चोरीलाही आळा बसतो.

पहिल्या दिवशी टाकी भरू नका. वीस लिटर घाला. पंप पाच मिनिटं चालवा, जोड कोरड्या फडक्यानं पुसून बघा. वायरीला हात लावून बघा. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर तार बारीक आहे किंवा लग सैल आहे. शक्य असेल तर मीटर लावून बॅटरीवर किती व्होल्ट आणि पंपावर किती, हे बघा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठंतरी काम कच्चं आहे. बरेचसे पंप सलग अर्ध्या तासासाठीच बनवलेले असतात, मध्ये थंड होऊ द्या.

गाडीच्या इंजिनाला ही टाकी जोडू नका

काही जण म्हणतात, मग याच टाकीची नळी गाडीच्या इंजिनाला जोडू, लांबच्या भाड्याला पंपावर थांबायला नको. अमेरिका-ऑस्ट्रेलियात अंतरं मोठी असल्यामुळं पिकअपला अशी दुसरी टाकी लावतात, हे खरं. पण तिथं इंजिनाकडे जाणारी आणि इंजिनाकडून परत येणारी अशा दोन्ही नळ्या एकदम बदलणारी झडप असते. डिझेल इंजिन ओढलेलं सगळं डिझेल जाळत नाही, उरलेलं परत टाकीत पाठवतं. नुसती एक टी जोडली तर एका टाकीतून ओढायचं आणि दुसरीत परत जायचं, असं होऊन ती टाकी ओसंडून वाहते.

शिवाय कायद्याची बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून कायमची काहीही जोडणी करण्याआधी आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीकडे विचारून, लेखी घेऊन ठेवा.

किती डिझेल ठेवता येतं?

पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार डिझेल 'ब' वर्गात येतं. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. पेट्रोलचं तसं नाही, त्याची मर्यादा अगदी थोडी आहे. त्यामुळं डिझेलच्या टाकीत पेट्रोल कधीच भरू नका. आणि ही सूट आपल्या वापरासाठी आहे. टाकी आहे म्हणून शेजारच्याला पैसे घेऊन डिझेल देऊ लागलात तर तो विनापरवाना धंदा होतो आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. सुट्या भांड्यात डिझेल देण्यावर कधी कधी जिल्हा प्रशासन निर्बंध घालतं, तेही पंपावर विचारून घ्या.

सरपंच आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी, पोलीस पाटील यांनाही एक विनंती. पाणंद रस्ता, गाळ उपसा, शेततळं अशी कामं गावात येतात तेव्हा यंत्रवाल्याचं डिझेल कुठं ठेवलं आहे, हे एकदा जाऊन बघा. शाळा, कडब्याची गंजी, उसाचं पाचट, विजेच्या तारा यांपासून लांब, सावलीत, आणि बिडी-सिगारेट बंद. काम देतानाच ही अट सांगितली तर नंतर भांडण राहत नाही.

गाडीत कोरड्या पावडरचं अग्निशामक नळकांडं आणि वाळूची बादली ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. पेटलंच तर आधी माणसं लांब करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

मंडळी, ज्यांनी टाकी आधीच बसवून घेतली आहे, त्यांनी आज संध्याकाळी एक काम करावं. बॉनेट उघडून पंपाची तार बॅटरीपासून बोटानं चाचपत जावी. वीतभर अंतरात फ्यूज लागला तर ठीक. नाही लागला, तर वजा तार काढून ठेवा आणि उद्या सकाळी तालुक्याला जाऊन फ्यूज घेऊन या. तोवर पंप बंद.